हिंदुरावमामाचं आवतन

आमच्या हिंदुरावमामाला कोणी नुसतं विचारलं, "मामा, तळेगावची गाडी गेली का?" तर तो "गेली" म्हणत नाही. आधी खांद्यावरचा टॉवेल झटकतो, टेकायला एखादा दगड बघतो आणि म्हणतो, "आता कसं झालं बघाऽऽ..." तेवढ्यात तळेगावची दुसरी गाडीही निघून जाते.

मामाची नक्कल करायची तर तोंडात सुपारीचं खांड असल्यासारखी जीभ जरा डावीकडे ठेवायची, वाक्याची सुरुवात विहिरीच्या तळातून करायची आणि शेवटचा शब्द काही केल्या सोडायचा नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना येतं. मामासमोर केलं तरी तो रागावत नाही, उलट दुरुस्ती सांगतो. "तसं न्हाई लेका. आमचा आवाज जरा भरदार हाय."

मामा मूळचा चिखलीचा. घरचं गुऱ्हाळ होतं आणि लहानपणापासून मामाकडे काम एकच, रसाच्या काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारायची. गूळ व्हायला आला की जाळ किती ठेवायचा, हे तो बघून नाही, ऐकून ठरवायचा. "जाळ बी बोलतो," तो म्हणतो. "फकस्त त्याच्या मधी आपण बोलू नये." जाळ सोडला तर मामा बाकी सगळ्यांच्या मध्ये बोलतो.

मग पिंपरीच्या पुढे, मुंबई रस्त्याच्या कडेला माळावर बुरशीची संस्था उभी राहिली. तिचं खरं नाव लांबलचक आहे आणि त्यात 'संशोधन' हा शब्द दोनदा येतो, पण आसपासच्या गावांत तिला कोणी त्या नावानं ओळखत नाही. तिथं काचेच्या बाटल्यांत आणि घराएवढ्या टाक्यांत बुरशी वाढवतात आणि तिच्यापासून औषध काढतात. आमच्या शेजारच्या ठकुबाईला हे पटता पटत नव्हतं. "आमच्या शिळ्या भाकरीवर यवढी येती बुरशी," ती म्हणायची. "तर सुनंला बोलनी बसत्यात. आन् हितं पगार देत्यात व्हय?"

संस्थेत वाफेसाठी बॉयलर होता आणि बॉयलरवर माणूस हवा होता. मुलाखतीला इंजिनियरसाहेबांनी विचारलं, "अनुभव काय?" मामानं टेकायला खुर्ची बघितली आणि सुरुवात केली, "आता कसं हाय बघाऽऽ..." काहिलीपासून निघालेला मामा चिपाडांपर्यंत पोचला तेव्हा इंजिनियरसाहेब म्हणाले, "बरं बरं, सोमवारपासून या."

बॉयलरबरोबर मामाच्या हाती भोंगा आला. छपराखाली एक साखळी लोंबते. ती ओढली की वाफ सुटते आणि भोंगा वाजतो. कोणीही ओढली तरी वाजेल असं तुम्हाला वाटेल, पण तसं नाही. मामा आधी साखळी हळूच खेचतो, मग भोंगा खालून गुरगुरतो, चढत चढत वर जातो, वर जरा रेंगाळतो आणि सोडताना मामा एक बारीक झटका देतो. भोंऽऽऽ ऊंऽऽऽ हुप्. हे 'हुप्' फक्त मामाचं. एकदा मामाला खोकला झालेला असताना भोंगा मधेच तुटून परत वाजला, तर भोसरीच्या बाया दुसऱ्या दिवशी मामीला विचारत होत्या, "हिंदुरावाला काढा दिला का?"

पाळीचे भोंगे तीन आणि वर एक जेवणाचा, रात्रीच्या जेवणाच्या सुट्टीचा. हा खरं म्हणजे संस्थेतल्या कामगारांसाठी, पण चार गावं त्याच्यावर जेवतात. भोंगा झाला की पाट मांडले जातात, भोंगा झाला की पोरं खेळातून घरी येतात. गेल्या वर्षी भोंग्याची चकती गेली आणि एक दिवस जेवणाचा भोंगा झाला नाही. त्या दिवशी अर्धी चिखली बॉयलर फुटला समजून बादल्या घेऊन माळावर धावत आली आणि उरलेली अर्धी उपाशी बसून राहिली.

यंदा, म्हणजे सत्तावन्न सालच्या दिवाळीआधी, मुंबईहून एक लाकडी खोकं आलं. त्यात विजेचा सायरन होता, घड्याळ लावून ठेवलं की आपला आपण वाजणारा. तो मागवला होता ऑफिसातल्या पळसुल्यांनी. पळसुले रोज पुण्याहून येतात आणि एकेक शब्द चिमट्यात धरून ठेवल्यासारखा ठेवतात. "हे पहा, हिंदुराव. यात व्यक्तिशः आपल्याविरुद्ध काहीही नाही. परंतु यंत्र खोकत नाही."

संस्थेचे मुख्य डॉ. घोषाल. ते कलकत्त्याचे. मराठी त्यांनी बंगल्यावरच्या माळ्याकडून शिकून घेतली, त्यामुळे शब्द आमच्या मावळातले आणि ते बाहेर पडतात बंगाली तोंडातून. ते म्हणाले, "शायरोन बोशबायचा का न्हाय, ते आमी बर्धापोनदिन झाल्याबर शांगतो. आता गडबड नको."

म्हणजे आठ दिवसांवरच्या वर्धापनदिनापर्यंत मामाची साखळी टांगणीला. मामा घरी आला आणि जेवताना बोलला नाही. आमच्याकडे हे अघटित. मामीनं, पुतळाबाईनं, दोनदा वाढलं तेव्हा म्हणाला, "साखळी गेली तर मी काय, नुस्ता कोळसाच लोटायचा. त्ये तर गुऱ्हाळात बी हुतं." मामी म्हणाली, "मग आठ दिस नीट ऱ्हावा. जास्त बोलू नगा."

वर्धापनदिनाला पुण्याच्या गायिका सावित्रीबाई तासगावकर यांचं गाणं ठरलं. हिरवळीवर मांडव पडला, गुलमोहराला रंगीत कागद गुंडाळलेले दिवे लागले. पळसुल्यांनी वेळापत्रक केलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जेवणाचा भोंगा बरोबर गाण्याच्या मध्यावर येतोय.

"हे पहा, हिंदुराव. आज रात्रीचा भोंगा होणार नाही."

मामा थेट डॉ. घोषालांकडे गेला. आठ दिवसांतली ही त्याची पहिली तक्रार. "साहेब, भोंगा न्हाई वाजला तर लोकं बादल्या घिऊन येतील. मागच्या टायमाला आली हुती. सांगाया पायजे."

"मग शांगा," साहेब म्हणाले. "शायकोल घ्या. गाबात जाऊन शांगा."

आता साहेबांचा निरोप गावाला सांगायचा म्हणजे तो बोडक्या डोक्यानं सांगता येत नाही. मामानं भाच्याच्या लग्नातला लाल फेटा बांधला, संस्थेची सायकल काढली आणि तो निघाला. पुढे काय काय झालं ते मी त्या त्या गावच्या माणसांकडून ऐकून जमवलंय. प्रत्येकजण मामाचा आवाज काढून सांगतो. भोसरीचे लोक सगळ्यात चांगला काढतात.

पहिलं गाव पिंपरी. तिथं देवळाच्या कट्ट्यावर मामा म्हणाला, "आज जेवणाचा भोंगा व्हनार न्हाई. संस्थेत गानं हाय. घाबरू नगा." इतका छोटा निरोप मामानं आयुष्यात सांगितला नव्हता. पण कट्ट्यावर म्हातारा गेनबा होता. त्यानं विचारलं, "गानं कुणाचं?"

"पुन्याची बाई हाय. तासगावकरीन. लई मोठी."

पुढच्या गावात हे परत कोणी विचारणार, म्हणून आकुर्डीला मामानं ते आधीच सांगून टाकलं. "आज जेवणाचा भोंगा व्हनार न्हाई. संस्थेत पुन्याच्या तासगावकर बाईंचं गानं हाय, लई मोठी बाई हाय. घाबरू नगा." तिथं कोणी विचारलं, "आन् गानं कशापायी?"

"संस्थेचा वाढदिस न्हाई का?"

मग चिखलीला वाढदिवसही आला. चिखली म्हणजे मामाचं स्वतःचं गाव. तिथं मामा कट्ट्यावर थांबला नाही, घरोघर गेला. भावकीतल्या अंबूबाईनं त्याला ओट्यावर बसवून चहा दिला. ती गावात सगळ्यात वडील, तिला कमी ऐकू येतं आणि म्हणून ती सगळं नीट विचारून घेते. "तुला धाडलं कुनी म्हनायचं, हिंदुराव?"

"साहेबांनी. सोता."

भोसरीला पोचला तेव्हा मामा पूर्ण तयार झाला होता. टॉवेल झटकून, दगड बघून, टेकून तो म्हणाला, "आता कसं हाय बघाऽऽ. आज संस्थेचा वाढदिस. घोषालसाहेबांनी सोता मला धाडलंय की जा, चारी गावाला सांगून ये. मांडव घातलाय. झाडाला दिवं लावल्यात. पुन्याची तासगावकर बाई गानार हाय. तवा आज रातीला जेवणाचा भोंगा काय व्हायचा न्हाई."

आणि भोंगा होणार नाही म्हणून घाबरू नका, हे सांगायचं राहून गेलं. भोसरीत तेवढ्यात कोणीतरी दुसरा चहा आणला होता.

आमच्याकडे फेटा बांधलेला माणूस दारात येतो, अमक्यानं धाडलंय म्हणतो, अमकं कार्य आहे म्हणतो, तेव्हा त्याला आवतन म्हणतात. आवतन म्हणजे जेवायचं बोलावणं. ते आलं की घरटी निदान एकानं जायचंच, नाही गेलं तर बोलावणाऱ्याचा अपमान. रिकाम्या हातानं जायचं नाही. आणि त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही. त्यात संस्थेनं जेवणाचा भोंगाच बंद ठेवलेला. म्हणजे आज घरी जेवूच नका, असं याहून स्वच्छ कोणी कसं सांगणार? भोसरीचं ऐकून पिंपरी-आकुर्डीनंही तेच धरलं.

संध्याकाळी पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले. बायकांच्या बाजूला सतरंजीवर मी आईबरोबर होतो. सावित्रीबाई व्यासपीठावर तंबोरा लावत होत्या. तबलजी हातोडीनं ठाकठोक करत होते. एवढ्यात फाटकावरचा पहारेकरी बन्सी मांडवात आला आणि पळसुल्यांच्या कानाशी लागला. बन्सीचं कानाशी लागणं आकुर्डीपर्यंत ऐकू जातं.

"साहेब, गाड्या आल्यात."

"किती?"

"दिसतंय तवर गाड्याच हायती."

बैलांच्या घुंगरांचा आवाज आता मांडवातही येत होता. तंबोऱ्यापेक्षा सुरेल नसेल, पण पुष्कळ होता. चार गावांची माणसं धुतलेले कपडे घालून, डोक्यावर टोपल्या घेऊन फाटकातून आत येत होती. सगळ्यांच्या पुढे अंबूबाई, हातात ओवाळणीचं ताट. ती सरळ पळसुल्यांसमोर उभी राहिली.

"तुमीच का साहेब?"

"मी ऑफिस सुपरिंटेंडेंट. आपल्याला कोणी बोलावलं?"

"आवतन आलं न्हवं का. वाढदिस कुनाचा म्हनायचा?"

"संस्थेचा."

अंबूबाईनं मांडव बघितला, चिमणी बघितली, टाक्या बघितल्या. "मग तिला कुठनं ववाळायचं?"

पळसुल्यांनी खिशातलं वेळापत्रक काढून बघितलं. तेवढ्यात मागून भोसरीच्या एकानं विचारलं, "पंगत हितंच बसायची का मागल्या अंगाला?"

हे सगळं मामानं बॉयलरघराच्या दारातून ऐकलं. तो तिथंच खांबाला धरून उभा राहिला. पळसुल्यांनी त्याला हेरलं आणि तरातरा त्याच्याकडे गेले. "हे पहा, हिंदुराव. सायरन उद्या सकाळी बसेल. साहेबांना मी स्वतः सांगतो."

डोक्यावरचा फेटा काढून मामानं काखेत धरला आणि मांडव ओलांडून डॉ. घोषालांसमोर जाऊन उभा राहिला. त्यानं टेकायला जागा बघितली नाही.

"साहेब, माजं चुकलं. मी भोंगा व्हनार न्हाई म्हून सांगाया गेलो आन् आवतन दिऊन आलो. समदी उपाशी आल्यात."

संपलं. आम्ही बाकीचं ऐकायला थांबलो होतो, पण बाकीचं नव्हतंच. माझ्या आईनं मामीकडे बघितलं. मामी ठकुबाईच्या गाडीतून आली होती आणि तोंडाला पदर लावून उभी होती.

डॉ. घोषालांनी चष्मा काढून पुसला. "शोमदी म्हणजे कोती?"

"चार गावं."

"आणि जेबोन?"

"चहा-बिस्किटं आहेत, सर," पळसुले म्हणाले. "मोजक्या निमंत्रितांपुरती."

मामा तेव्हा लोकांच्या टोपल्यांकडे बघत होता. भुईमुगाच्या शेंगांचा हंगाम नुकताच झाला होता आणि रिकाम्या हातानं यायचं नाही म्हणून प्रत्येकानं जे घरात ताजं होतं ते आणलं होतं. टोपल्याच्या टोपल्या ओल्या शेंगांनी भरलेल्या होत्या, चिखलीकरांनी तर गुळाची ढेपच आणली होती.

"साहेब," मामा म्हणाला, "वाफ हाय माज्याकडं. भोंग्याची आज खर्चलीच न्हाई. कँटीनची मोठी पातेली वाफंवरच चालत्यात. शेंगा उकडाया कितीसा वेळ."

घोषालसाहेब टाक्यांत बुरशी शिजवणारे गृहस्थ, त्यांना वाफेचं काय ते चटकन कळलं. ते हसायलाच लागले. त्यांचं हसणं खोऽ खोऽ खोऽ असं तीनच टप्प्यांचं असतं आणि ते कधी ऐकू येत नाही म्हणून मला काढता येत नव्हतं. आता येतं.

"जा जा, लोबकर," ते म्हणाले. "मीठ जास्त घाला."

कँटीनच्या छबूबाईनं आधी कमरेवर हात ठेवले. "माझ्या पातेल्यात? तुमचा भोंगा?" ती कोकणातली, बोलताना वाक्य वर नेऊन तिथंच सोडून देते. पण तिनं पातेली धुतली, मीठ टाकलं, आणि मामानं वाफेची चावी फिरवली. चिपाडं सारणारा मामा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. तोंड बंद, कान वाफेकडे. वाफेचा आवाज बदलला की तो नुसतं बोट वर करायचा आणि छबूबाई झाकण काढायची.

सावित्रीबाई व्यासपीठावर बसून हे बघत होत्या. साथीदार काहीतरी कुजबुजले तर त्या म्हणाल्या, "खाऊ दे त्यांना आधी. माझ्या गाण्यात टरफलं फुटण्यापेक्षा आधी फुटलेली बरी. आणि हो, इकडेही द्या थोड्या."

मग हिरवळीवर पंगत बसली. गरम शेंगा आणि गुळाचा खडा. खुर्च्यांवरचे निमंत्रित आधी संकोचले, मग प्रयोगशाळेतले दोघे तरुण खाली येऊन बसले, मग बाकीचे. पळसुले खुर्चीवरच राहिले, पण त्यांनी मांडीवर रुमाल पसरला होता आणि रुमालावर टरफलं होती. अंबूबाईनं शेवटी तोडगा काढला. संस्थेला ओवाळता येत नाही तर संस्थेच्या मोठ्या माणसाला ओवाळू. डॉ. घोषालांना तिनं पाटावर बसवलं, कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. "लग्न झालंय का?" तिनं विचारलं. ते "न्हाय" म्हणाले तेव्हा चार गावांच्या बायांनी एकदम चकचक केलं. ते मला अजून नीट जमत नाही, एकट्याला जमण्यासारखं नाही ते.

मग गाणं झालं. मला रागातलं कळत नाही, पण बाईंचा आवाज असा होता की गेनबा दर दोन ओळींनी "व्वा" म्हणत होता आणि एकदाही बरोबर जागी म्हणत नव्हता. बाई त्याच्याकडे बघून हसत आणि पुढच्या वेळी त्याच्यासाठी जरा जागा ठेवून गात.

गाणं चांगलं रंगलं असताना मधेच एक गंमत झाली. सगळ्या मांडवानं एकदम मान वर केली. चारी गावांनी केली, बन्सीनं केली, प्रयोगशाळेतल्या त्या दोघांनी केली. पळसुल्यांनीही केली, मी स्वतः बघितलं. सगळे चिमणीकडे बघत होते. बाई गाताना थांबल्या.

"काय झालं? काही चुकलं का?"

"न्हाई बाई," गेनबा म्हणाला. "भोंग्याची येळ झाली. चालू द्या तुमचं."

सगळे हसले आणि बाईंनी पुन्हा सुरुवात केली. डॉ. घोषाल मात्र हसले नाहीत. बॉयलरघराच्या दारात उभ्या मामाकडे ते बघत होते. मामाचा उजवा हात वर गेला होता. साखळी आत होती, हात दारात होता.

गाणं आटोपून गाड्या जुंपायला लागल्या तेव्हा साहेबांनी मामाला आणि पळसुल्यांना एकत्रच बोलावलं. मामी आणि आम्ही जरा अंतरावर थांबलो, म्हणजे नीट ऐकू येईल इतक्या.

"पोळशुले, शायरोन आपोआप बाजतो. बोरोबोर?"

"अगदी, सर. माणसाची गरजच नाही."

"आणि ज्या दिबशी बाजबायचा न्हाय, त्या दिबशी? गाबात जाऊन शायरोन शांगेल का, आज मी बाजणार न्हाय म्हणून?"

"एक सूचनापत्रक काढता येईल, सर. प्रत्येक गावाला."

"काढा. आणि ते गाबात बाचून कोण दाखबेल?"

पळसुल्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग चिमट्यातून एकच शब्द ठेवला. "हिंदुराव."

"मग शाखोळी पण त्याच्याकडेच ऱ्हाऊ द्या," साहेब म्हणाले. "खोकं परोत पाठबा."

मामानं वाकून नमस्कार केला. बोलायला तोंड उघडलं, टेकायला जागाही बघितली, पण साहेब तोवर मोटारीकडे चालायला लागले होते. अनुभवी माणूस.

परतीला आम्ही ठकुबाईच्या गाडीत बसलो. मामा चालतच निघाला होता, गाडीच्या बाजूबाजूनं, फेटा परत डोक्यावर. मग मामी म्हणाली, "चार गावास्नी आवतन दिलं. घरच्या बायकूला दिलं का?"

मामा थांबला. ठकुबाईनं कासरा ओढला, गाडी थांबली. मामानं फेटा नीट केला, रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड बघितला आणि त्यावर टेकला.

"आता कसं हाय बघाऽऽ. फुडल्या साली संस्थेचा वाढदिस. साहेबांनी सोता मला सांगितलंय की भोंगा बी तूच वाजवायचा आन् निरोप बी तूच द्यायचा. मांडव घालनार, दिवं लावनार, पुन्याची बाई..."

"त्ये ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाली. "जेवान हाय का?"

मामानं जरा विचार केला. "त्ये साहेबास्नी इचारून सांगतो."